शाळकरी मुलांच्या लसी: मागणी, साठा आणि नोंद यांबद्दल दवाखान्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या सिस्टर, कोल्ड चेन (लस सतत थंड ठेवण्याची साखळी) सांभाळणारे कर्मचारी, खासगी बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या काउंटरवर बसणारी मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं महाराष्ट्रातली पद्धत डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. तान्ह्या बाळांच्या लसी इथे घेतलेल्या नाहीत.

१. शाळेच्या वयात सरकारी वेळापत्रकात नेमक्या कोणत्या लसी येतात?

तीन वेळा टोचायचं असतं. ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर, १० व्या वर्षी टीडी आणि १६ व्या वर्षी पुन्हा टीडी. शाळेच्या भाषेत साधारण पहिली, पाचवी आणि दहावी. टीडीमध्ये धनुर्वात आणि घटसर्प दोन्ही आहेत. २०१९ पर्यंत या वयात नुसती टीटी, म्हणजे फक्त धनुर्वाताची लस, दिली जायची. लहानपणी मिळालेलं घटसर्पाचं संरक्षण वयाबरोबर ओसरतं आणि मोठ्या मुलांतही रुग्ण सापडतात, म्हणून टीटीच्या जागी टीडी आली. तरी पालक अजून 'धनुर्वाताचं इंजेक्शन' म्हणतात. त्यांनी म्हणावं, पण रजिस्टरमध्ये 'टीटी' लिहू नका. त्याचा त्रास प्रश्न १२ मध्ये दिसेल.

गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस दोन वर्षांच्या आत व्हायला हवेत. राहिले असतील तर नियमित कार्यक्रमात पाचव्या वाढदिवसापर्यंतच देता येतात. म्हणून बालवाडी-अंगणवाडीची यादी पहिलीच्या यादीआधी तपासा.

२. लस मागवायची कोणाकडे?

सरकारी साखळी ठरलेली आहे: राज्याचं लस भांडार, विभागीय भांडार, जिल्ह्याचं भांडार, आणि तिथून आयएलआर (लसीचा खास फ्रीज) असलेलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय. उपकेंद्र लस साठवत नाही. सत्राच्या सकाळी कॅरियर (लस नेण्याचा थंड डबा) येतो आणि संध्याकाळी परत जातो. मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांकडे जाते. महापालिका हद्दीत हे काम पालिकेचा आरोग्य विभाग करतो.

खासगी दवाखाना कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून विकत घेतो. शेजारच्या मेडिकलमधून 'दोन डोस द्या, उद्या परत करतो' असा व्यवहार लसीत नको. ती लस आधी कुठे, किती तास, कशी राहिली याचा कागद तुमच्याकडे नसतो.

३. शाळेच्या सत्रासाठी किती व्हायल (लसीच्या कुप्या) मागवायच्या? काही सूत्र आहे का?

आहे. मुलांची संख्या गुणिले वाया जाण्याचा गुणक, भागिले व्हायलमधले डोस. टीडीसाठी १० टक्के वाया जाईल असं धरलं तर गुणक येतो १.११ (१०० भागिले ९०). समजा पाचवीत १२० आणि दहावीत ९५ मुलं आहेत. एकूण २१५. गुणिले १.११ म्हणजे २३९ डोस. दहा डोसांची व्हायल असल्याने २४ व्हायल. एडी सिरिंजही (एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या) तेवढ्याच, २३९ च्या आसपास. सिरिंज विसरून फक्त लस मागवणारे दरवर्षी भेटतात.

हे झालं सूत्र. त्यात घालायचा आकडा कुठून आणता, यावर खरा खेळ आहे. मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलेली पटसंख्या घेऊ नका, वर्गवार नावांची यादी जन्मतारखेसह मागा. त्यातून आधीच लस घेतलेली मुलं वजा करा (प्रश्न ११), शाळेत न जाणारी त्याच वयाची मुलं आशाताईंच्या यादीतून मिळवा, आणि शेवटी हातातला साठा वजा करा. बरेच दवाखाने हातातला साठा वजा न करताच मागणी पाठवतात आणि मग आयएलआरमध्ये जागा नाही म्हणून फोन करतात.

वेळेचंही बघा. जूनमध्ये शाळा भरल्यावर पट स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. दहावीची सत्रं दिवाळीच्या सुट्टीआधी उरकलेली बरी. जानेवारीनंतर सराव परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि बोर्ड सुरू होतं. तेव्हा शाळा वर्ग देत नाही आणि हात दुखेल म्हणून पालक मुलांना पाठवत नाहीत.

४. थोडी जास्त मागवून ठेवली तर बिघडलं कुठे?

केंद्राच्या पातळीवर महिनाभराचा साठा आणि वर २५ टक्के राखीव, एवढं पुरतं. त्याहून जास्त ठेवलं तर आयएलआर ठासून भरतो, हवा फिरत नाही, आणि शेजारच्या केंद्राला कमी पडतं. वापरताना आधी संपणारी मुदत आधी काढायची. अपवाद व्हीव्हीएमचा, म्हणजे लसीला किती उष्णता लागली ते दाखवणाऱ्या व्हायलवरच्या खुणेचा: एखाद्या व्हायलवरचा चौकोन गडद होत चालला असेल, पण अजून बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल, तर तिची मुदत लांबची असली तरी ती आधी वापरा. चौकोन वर्तुळाइतकाच किंवा त्याहून गडद झाला की ती व्हायल बाद.

५. आमचा दवाखाना खासगी आहे. सरकारी लस मिळू शकते का?

काही महापालिका खासगी दवाखान्यांना आणि धर्मादाय रुग्णालयांना ती देतात. अटी साध्या असतात: लसीचे पैसे घ्यायचे नाहीत, साठ्याचा आणि दिलेल्या डोसांचा अहवाल दर महिन्याला द्यायचा, कोल्ड चेनची तपासणी करू द्यायची. विकत घेतलेली लस आणि सरकारी लस यांचे कप्पे आणि रजिस्टर पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. एकदा मिसळलं की कोणती व्हायल कोणत्या मुलाला गेली, ते शोधता येत नाही.

६. लस हातात येते तेव्हा काय तपासायचं?

लसीचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, मुदत, संख्या आणि व्हीव्हीएम. बाजारातल्या बऱ्याच लसींवर व्हीव्हीएम नसतो. तिथे वितरकाच्या खोक्यातलं तापमान आणि तुमचा चौकसपणा, एवढंच हाताशी असतं. डीपीटी, टीडी, टीडॅप (प्रश्न ११), हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी) या लसी उन्हापेक्षा गोठण्याने लवकर मरतात, आणि गोठलेलं व्हीव्हीएमवर दिसतही नाही. खोक्यात दगडासारखे गोठलेले जेलपॅक थेट लसीला चिकटलेले दिसले तर सही करू नका. बर्फाच्या पॅकला घाम फुटलेला हवा आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला हवा.

७. साधा घरगुती फ्रीज चालतो का?

शक्य असेल तर लसीसाठी बनवलेलाच घ्या. घरगुती वापरायचाच असेल तर तो फक्त लसीचा असावा. दारात लस नको, फ्रीझरखालच्या कप्प्यात नको, भाजीच्या ट्रेमध्ये तर नकोच. त्या रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या ठेवा, लाइट गेल्यावर त्या थंडी धरून ठेवतात. आत थर्मामीटर हवाच. २ ते ८ अंशांची नोंद दिवसातून दोनदा, रविवारी आणि सणालाही. डॉक्टरांचा डबा आणि साहेबांचं दही बाहेर काढायला सांगताना संकोच वाटतो, पण सांगा.

८. रात्रभर लाइट नव्हती. सकाळी फ्रीज ११ अंशांवर. लस फेकायची?

लगेच फेकू नका आणि लगेच वापरूही नका. लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली, तापमान किती होतं ते लिहा. लस पिशवीत वेगळी करून 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावा आणि २ ते ८ अंशांतच ठेवा. मग सरकारी लस असेल तर जिल्ह्याच्या कोल्ड चेन विभागाला कळवा, खासगी असेल तर कंपनीला लेखी विचारा. किती तास, किती अंश आणि कोणती लस यावर उत्तर बदलतं.

तापमान शून्याखाली गेलं असेल तर प्रश्न वेगळा. व्हायल गोठलेली दिसली तर ती बाद. शंका असेल तर शेक टेस्ट: त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित व्हायलबरोबर हलवायची, आणि दोन्ही शेजारी ठेवून साका किती लवकर बसतो ते बघायचं. दोन्हींत सारख्याच वेगाने बसला तर संशयित व्हायलही गोठून गेलेली आहे.

९. एका शाळेत उघडलेली टीडीची व्हायल दुसऱ्या शाळेत वापरता येते?

येते. खुल्या व्हायलच्या धोरणानुसार टीडी आणि डीपीटी उघडल्यापासून २८ दिवस चालतात. पण उघडल्याची तारीख आणि वेळ लेबलवर लिहिलेली हवी, मुदत संपलेली नको, व्हीव्हीएम ठीक हवा, सतत २ ते ८ अंशांत राहिलेली हवी आणि रबरी बूच पाण्यात बुडालेलं नको. यातली एक अट मोडली तरी बाद. सत्रावरून परतताना उघडी व्हायल वेगळ्या झिप पिशवीत घाला.

गोवर-रुबेलाला ही सवलत नाही. पावडरमध्ये द्रावक मिसळलं की चार तास, त्यानंतर एकही थेंब नाही. अशी व्हायल लगेच कचऱ्यातही टाकू नका. ४८ तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर राखून ठेवा. कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

१०. एकाच डोसची नोंद इतक्या ठिकाणी का? कुठे काय भरायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यामागचा वैतागही समजतो. पण प्रत्येक नोंद वेगळ्या गोष्टीची आहे. मुलाची नोंद यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर: कोण, कोणती लस, कोणत्या दिवशी, कोणती बॅच. पालकांना त्यातूनच प्रमाणपत्र मिळतं. जानेवारी २०२३ मध्ये ६५ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेलं हे व्यासपीठ २९ ऑक्टोबर २०२४ ला देशभर सुरू झालं. व्हायलची नोंद ईव्हिनवर (लससाठ्याची ऑनलाइन प्रणाली): किती आल्या, किती गेल्या, किती उरल्या. आणि केंद्राची महिन्याची बेरीज एचएमआयएसवर (आरोग्य विभागाची अहवाल प्रणाली). तिथे डीपीटीचा दुसरा बूस्टर, टीडी १० आणि टीडी १६ यांच्या ओळी वेगवेगळ्या आहेत. शाळेत बसून हाती भरायची ती टॅली शीट, आणि पुढचं सगळं तिच्यावरून होतं.

या तिन्हींचा मेळ बसतो का, हे सत्राच्या संध्याकाळीच बघायचं. प्रश्न ३ मधलंच उदाहरण घेऊ. २४ व्हायल नेल्या, २२ उघडल्या, २ न उघडता परत आल्या. २२ व्हायल म्हणजे २२० डोस. यू-विनवर २११ मुलं. एका उघड्या व्हायलमध्ये ६ डोस उरून परत आले. २११ आणि ६ मिळून २१७. म्हणजे ३ वाया गेले, आणि ते 'वाया' म्हणूनच लिहायचे. गडबड इथेच होते. हिशोब जुळावा म्हणून ते तीन डोस 'दिले' मध्ये ढकलले जातात, किंवा उघडलेली प्रत्येक व्हायल म्हणजे दहा मुलं असं धरून २२० लिहिलं जातं. कागदावर नऊ मुलं वाढतात, आणि गैरहजर मुलांची यादी तेवढी आखूड होते. ती मुलं मग कोणालाच सापडत नाहीत.

पुढची मागणीही याच आकड्यांवर ठरते. वापर फुगवला तर नको तेवढा साठा येतो, नोंद राहिली तर पुढच्या महिन्यात कमी लस येते. 'आम्हाला लस कमीच पाठवतात' अशी तक्रार असलेल्या केंद्राचं ईव्हिन उघडून बघावं. बऱ्याचदा सत्रांचा वापर त्यात उतरलेलाच नसतो.

११. मुलीने दहाव्या वर्षी खासगीत टीडॅप घेतली आहे. शाळेत टीडी द्यायची का? नोंद कशी?

द्यायची गरज नाही. टीडॅपमध्ये धनुर्वात आणि घटसर्प आहेतच, वर डांग्या खोकलाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना १० ते १२ वर्षांच्या वयात तीच सुचवते. कार्ड बघा, तारीख उतरवून घ्या आणि यादीत 'बाहेर घेतली' असा शेरा मारा. तुमच्या टॅलीत, ईव्हिनच्या वापरात किंवा केंद्राच्या एचएमआयएस बेरजेत ती धरू नका. ज्याने टोचली त्याने ती कळवायची असते. म्हणूनच खासगी दवाखान्यांनी यू-विनवर नोंदणी करून घेणं महत्त्वाचं आहे, नाहीतर ती मुलगी सरकारी यादीत कायम 'राहिलेली' दिसते.

१२. गेल्या महिन्यात पडल्यावर 'धनुर्वाताचं' घेतलं. आता टीडी द्यायची?

आधी शोधा की ते टीटी होतं की टीडी. चिठ्ठीवर नुसतं 'इंजेक्शन दिले' असेल तर त्या दवाखान्याला फोन करा. टीटी असेल तर घटसर्पाचा भाग मिळालेलाच नाही, म्हणून तो डोस वेळापत्रकातल्या टीडीच्या रकान्यात धरता येत नाही. मात्र धनुर्वाताचे डोस फार जवळजवळ झाले तर दंड बराच सुजतो, त्यामुळे कधी द्यायचं ते वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवावं. तोवर नाव पुढच्या सत्राच्या यादीत ठेवा.

१३. पहिलीतला मुलगा सात वर्षांचा झाला आणि डीपीटी बूस्टर राहिला.

सात पूर्ण झाली की सरकारी कार्यक्रमातली डीपीटी नाही. टीडी द्यायची. नोंद टीडी म्हणूनच करायची, पण 'टीडी १०' च्या ओळीत नाही. पाचवीत गेल्यावर त्याचा टीडी १० वेगळा द्यायचा आहे.

१४. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि जन्म दाखल्यावरची तारीख वेगळी आहे. कोणती धरायची?

१ जूनला जन्मलेल्या मुलांची संख्या आपल्याकडे संशयास्पद रीतीने मोठी आहे. प्रवेशाच्या वेळी तारीख माहीत नव्हती, गुरुजींनी लिहून टाकली. जन्म दाखला किंवा माता बाल संरक्षण कार्ड असेल तर ते धरा. यू-विनवर मूल आधीपासून असेल तर तिथल्या तारखेशी ताडून बघा, दुसऱ्या तारखेने नवं खातं उघडू नका. एकाच मुलाची दोन खाती झाली की दोन्हींत अर्ध्या अर्ध्या लसी राहतात. इयत्ता मूल शोधण्यासाठी असते, रकाना वयाने ठरतो. पाचवीत असून दहा पूर्ण नसलेल्या मुलांची वेगळी यादी करून वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. वय जुळवण्यासाठी तारीख बदलू नका.

कार्डच हरवलं असेल तर आधी आशाताईंची जुनी वही आणि केंद्राचं रजिस्टर बघा. कुठेच नोंद सापडली नाही तर डोस झालेला नाही असं धरून पुढे जा.

१५. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातली मुलं कोणत्या केंद्रात मोजायची?

जिथे टोचलं, तिथे. बीडचं मूल कोल्हापूरच्या कारखान्याच्या तळावर असेल तर डोस तिथल्या केंद्राचा, साठाही तिथलाच. मूळ गावच्या सिस्टरांनी नाव खोडायचं नाही, 'स्थलांतरित' लिहायचं आणि परतल्यावर यू-विनवर बघायचं. कारखाना हंगामाच्या आधी मागणी करताना तळावरच्या मुलांचा अंदाज धरावा, ती मुलं कोणत्याच शाळेच्या पटावर नसतात. आश्रमशाळांचं उलट आहे: पट एका जागी आहे, पण दिवाळीत आणि उन्हाळ्यात शाळा रिकामी असते. शिवाय पालक दूरच्या पाड्यावर असतात, त्यामुळे माहितीची चिठ्ठी प्रवेशाच्या वेळीच द्या.

१६. टोचल्यावर मुलगी चक्कर येऊन पडली, मग मागच्या चार पडल्या. हे एईएफआय (लसीनंतर झालेला त्रास) म्हणून कळवायचं का?

हो. एकाच सत्रात अनेक मुलांना त्रास झाला तर तो गट म्हणून गंभीर प्रकारात मोडतो, प्रत्येक मूल दहा मिनिटांत बरं झालं तरीही. मृत्यू, रुग्णालयात दाखल होणं, अपंगत्व, आणि गावात किंवा पालकांत मोठी चिंता पसरवणारी घटना हेही त्यातच येतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना ताबडतोब फोन, आणि २४ तासांच्या आत नोंदीचा फॉर्म जिल्ह्याला. लसीमुळे झालं की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही. ते समिती ठरवते. त्या सत्रातल्या व्हायल, बॅच क्रमांक आणि सिरिंज जपून ठेवा, लस कोल्ड चेनमध्येच. खासगी दवाखान्यालाही हेच लागू आहे.

किशोरवयात ही चक्कर बहुतेक वेळा भीतीची असते. मूल पांढरं पडतं, नाडी मंद होते, आडवं केलं की सावरतं. अॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अॅलर्जी) वेगळं: अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजणं, श्वासाला घरघर, नाडी जलद आणि क्षीण, आणि आडवं करूनही सुधारणा नाही. तिथे वाट बघायची नाही. मांडीच्या स्नायूत अॅड्रेनॅलिन, मग रुग्णवाहिका. किटमधल्या अॅम्प्यूलची मुदत सत्राला निघण्याआधी बघा.

गट टाळायचा असेल तर मांडणी बदला. रांगेतल्या मुलांना टोचताना दिसू नये. मुलं जेवून आलेली असावीत, बसवून टोचावं, नंतर ३० मिनिटं सावलीत बसवावं. 'इंजेक्शन मोठं आहे' म्हणून गंमत करणाऱ्या सरांना प्रेमाने स्टाफरूममध्ये पाठवावं.

१७. दंड दुखणं, एका दिवसाचा ताप हेही लिहायचं?

केंद्राच्या रजिस्टरमध्ये किरकोळ म्हणून लिहायचं आणि मासिक अहवालात द्यायचं. फॉर्म आणि २४ तासांची घाई नाही. शून्य घटना असतील तर 'शून्य' लिहा, रकाना कोरा सोडू नका.

१८. एचपीव्ही आम्ही विकत घेऊन देतो. नोंदीत काय लक्षात ठेवायचं?

ब्रँड आणि बॅच, दोन्ही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आणि आयात लसी एकाच फ्रीजमध्ये असतात आणि दुसऱ्या डोसला 'मागची कोणती होती' हा प्रश्न हमखास येतो. लेबलप्रमाणे ९ ते १४ वर्षांत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ पासून तीन. पहिला डोस देतानाच दुसऱ्याची तारीख कार्डावर घाला आणि त्या महिन्याच्या मागणीत तो धरा. सहा महिन्यांनी पालक आले आणि लस शिल्लक नव्हती, असं झालं की बरेच जण पुन्हा फिरकत नाहीत. सरकारी सत्रात मिळालेला डोस असेल तर कार्ड बघितल्याशिवाय पुढचा ठरवू नका.

१९. कुटुंब कॅलिफोर्नियाला चाललंय, सातवीच्या प्रवेशासाठी लसींचं प्रमाणपत्र हवंय.

तिथे सातवीला टीडॅप लागते. आपली टीडी चालत नाही, कारण तिच्यात डांग्या खोकल्याचा भाग नाही. सरकारी गोवर-रुबेलामध्ये गालगुंड नाही, त्यामुळे एमएमआर वेगळी दाखवावी लागते, आणि कांजिण्यांचे दोन डोसही. तारखांत महिना अक्षरांत लिहा: ०३/०४/२०१५ ही तिथे ४ मार्च वाचली जाते. जे दिलं नाही ते जुन्या तारखेने लिहून देण्याची विनंती होते. नाही म्हणा, राहिलेली लस आजच्या तारखेने द्या.

२०. पालक नको म्हणतात. शाळा प्रवेश अडवू शकते का?

शिक्षण हक्क कायद्यात लस नसल्यामुळे प्रवेश नाकारण्याची तरतूद नाही, आणि दवाखान्याने शाळेला तसं सुचवूही नये. नकार 'नकार' म्हणून लिहा, 'गैरहजर' म्हणून नाही. गैरहजर मुलाकडे पुढच्या सत्राला जायचं असतं, नकार देणाऱ्या घरी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी किंवा ओळखीच्या आशाताईंनी आधी बोलायला जायचं असतं.

२१. शाळेत रेंज नव्हती, सगळं दुसऱ्या दिवशी भरलं. चालेल?

चालेल, पण लसीची तारीख कालचीच घाला. आणि ईव्हिनवर भरताना 'व्हायल' मागितल्यात की 'डोस' ते वाचा. २२ च्या जागी २२० गेले तर त्याच दिवशी जिल्ह्याच्या लस व्यवस्थापकाला सांगा. महिना उलटल्यावर दुरुस्तीसाठी पत्र लिहावं लागतं.